एका पैशाचं वर्तमानपत्र आणि बरोबरीच्यांचं जाळं

दांडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुजरातेतली दांडी येते, १९३० सालची, मिठाच्या सत्याग्रहाची. आपल्या पालघर जिल्ह्यातही एक दांडी आहे. बोईसर स्टेशनवरून पश्चिमेला निघायचं, तारापूरची औद्योगिक वसाहत ओलांडायची आणि समुद्र दिसेपर्यंत जायचं. किनाऱ्याला लागून उच्छेळी-दांडी ही मच्छीमारांची वस्ती. उत्तरेला तारापूरचं अणुवीज केंद्र, दक्षिणेला खाडीपलीकडे नवापूर आणि त्याच किनाऱ्यानं पुढे आलेवाडी, नांदगाव, मुरबे, सातपाटी.

या परिसरातल्या नववीच्या मुलांशी गप्पा मारताना आम्ही त्यांना एक कोडं घातलं. समजा, मोबाईल बंद, टीव्ही बंद, वर्तमानपत्र बंद. मुंबईत काल काहीतरी मोठं घडलं. तुम्हाला ते कसं कळेल? थोडा वेळ वर्ग गप्प होता. मग उत्तरं येऊ लागली. कोणी म्हणालं, मासे घेऊन जाणाऱ्या टेम्पोचा ड्रायव्हर सांगेल. कोणी म्हणालं, कंपनीत पाळीला जाणारे सांगतील. बोटीवरचा वायरलेस निघाला. आणि मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, माझी आजी बाजारात मासे विकते. तिला सगळ्यांच्या आधी कळतं."

आता या उत्तरांकडे नीट पाहा. टेम्पो, कामगार, बोटी, आजी. यातलं कोणीच 'बातम्यांचं केंद्र' नाही. प्रत्येकजण दुसऱ्याकडून ऐकतो आणि तिसऱ्याला सांगतो. संगणकाच्या जगात अशा रचनेला पीअर-टू-पीअर जाळं म्हणतात. पीअर म्हणजे बरोबरीचा. ज्या जाळ्यात कोणी मोठा नाही, कोणी धाकटा नाही, प्रत्येकजण घेणाराही आहे आणि देणाराही, ते बरोबरीच्यांचं जाळं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगात अनेक ठिकाणी सरकारांनी बातम्या अडवल्या तेव्हा वृत्तपत्रांनी आणि त्यांच्या वाचकांनी अशा जाळ्यांचा आधार घेतला. ही कल्पना संगणकाबरोबर आली असं बऱ्याच लेखांत लिहिलेलं असतं. आमच्या मते ती बरीच जुनी आहे, आणि तिचा एक फार सुंदर नमुना आपल्या मुंबईत, १९१९ साली सापडतो.

पण आधी पालघरचीच एक तारीख. १४ ऑगस्ट १९४२. पालघरच्या मामलेदार कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाचजण हुतात्मा झाले: सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, सालवडचे सुकुर गोविंद मोरे आणि पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी. पाच माणसं आणि पाच गावं. मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांना ९ ऑगस्टच्या पहाटे अटक झाली होती. पाच दिवसांत किनाऱ्यावरची, खाडीकाठची, रेल्वेलगतची गावं एका दिवशी एका ठिकाणी यायची, तर निरोप गावोगाव फिरावे लागतात. आणि ते दिवस असे होते, की वर्तमानपत्रांतून ते फिरवणं शक्य नव्हतं. ८ ऑगस्टलाच सरकारनं भारत संरक्षण नियमांखाली आदेश काढला होता: आंदोलनाची बातमी छापायची तर ती सरकारी सूत्रांकडून, ठराविक वृत्तसंस्थांकडून किंवा नोंदणी केलेल्या बातमीदारांकडूनच आलेली हवी. गांधीजींचं 'हरिजन' त्याच महिन्यात बंद पाडलं गेलं.

इथे एक साधी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वर्तमानपत्र बंद पाडणं सरकारला सोपं का जातं? कारण त्याला पत्ता असतो. १८६७ च्या कायद्यानं मुद्रक आणि प्रकाशक यांना मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन आपलं नाव आणि ठिकाण जाहीर करणं भाग होतं. पुढे १९१० च्या कायद्यानं छापखान्याकडून अनामत रक्कम मागायची आणि मजकूर खटकला की ती जप्त करायची, अशी सोय झाली. छापखाना ही अवजड वस्तू. टाइपाच्या पेट्या, यंत्र, कागदाची रिमं. ती रातोरात हलवता येत नाही. एका ठिकाणी कुलूप ठोकलं की हजारो वाचकांचा अंक बंद. ज्या जाळ्यात सगळे धागे एका खुंटीला बांधलेले असतात, तिथे खुंटी उपटली की काम झालं.

काढा, उतरवा, पुढे द्या

रौलट कायद्याविरुद्धचा देशव्यापी हरताळ ६ एप्रिल १९१९ चा. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मुंबईत गांधीजींनी 'सत्याग्रही' नावाचं एक पानपत्र काढलं. किंमत एक पैसा. मुद्दाम नोंदणी केली नव्हती, म्हणजे ते काढणं हाच कायदेभंग. संपादक म्हणून स्वतःचं पूर्ण नाव आणि गावदेवीतल्या लॅबर्नम रोडचा पत्ता दिलेला. आणि वाचकाला विनंती: वाचा, नक्कल करा, मित्रांना द्या, आणि त्यांनाही नक्कल करून पुढे द्यायला सांगा.

ही विनंती हौसेची नव्हती, तिच्यामागे हिशेब होता. संपादकाला केव्हाही अटक होऊ शकते, तेव्हा अंक नियमित निघेल याची हमी देता येत नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. नकला करण्यापुरत्या मूळ प्रती छापल्या म्हणजे पुरे, बाकीचं काम गुणाकार करील आणि गरज पडली तर अंक देशभर पोचेल, असा त्यांचा विचार होता.

हा गुणाकार वर्गात फळ्यावर करून पाहण्यासारखा आहे. एकाच प्रतीपासून सुरुवात करू. ज्याच्याकडे प्रत आहे त्यानं रोज एक नक्कल करून दुसऱ्याला द्यायची, एवढीच अट. पहिल्या दिवसानंतर २ प्रती, दुसऱ्यानंतर ४, तिसऱ्यानंतर ८. दहाव्या दिवशी १,०२४. विसाव्या दिवशी दहा लाखांच्या वर. अठ्ठाविसाव्या दिवशी २६ कोटी ८४ लाख, आणि एकोणतिसाव्या दिवशी ५३ कोटींच्या पुढे. त्या काळी हिंदुस्थानची लोकसंख्या साधारण ३१ कोटी होती. म्हणजे महिन्याच्या आत अंक सगळ्यांच्या हातात!

आता मुलांना उलटा प्रश्न विचारा. सुरुवातीला एकाऐवजी छापखान्यातून हजार प्रती काढल्या तर किती दिवस वाचतील? बहुतेक मुलं म्हणतात, हजारपट लवकर होईल. हिशेब सांगतो, फक्त दहा दिवस वाचतील, एकोणतीसऐवजी एकोणीस. एवढ्या मोठ्या यंत्राचा फायदा तो इतकाच. गुणाकारानं वाढणाऱ्या जाळ्यात सुरुवातीचं केंद्र किती मोठं आहे याला फारसं महत्त्व राहत नाही, आणि म्हणूनच ते केंद्र पुढे पकडलं गेलं तरी वाढ थांबत नाही. (प्रत्यक्षात असं कधी होत नाही, हेही मुलांना सांगावं. तीच प्रत तीन वेळा एकाच घरात येते, कोणी कंटाळा करतो, कोणी घाबरतो, आणि त्या काळी बहुसंख्य लोकांना वाचताच येत नव्हतं. पण हिशेबाची दिशा खरी आहे.)

अंकाची एक प्रत गांधीजींनी स्वतः मुंबईच्या पोलीस कमिशनरकडे पाठवून दिली. १० एप्रिलला पंजाबकडे जाताना त्यांना अटक झाली.

प्रश्नपत्रिकेचं यंत्र

हातानं नक्कल करणं दमवणारं काम. त्याला जोड मिळाली ती सायक्लोस्टाईलची. जुन्या शिक्षकांना या यंत्राची ओळख करून द्यायला नको. घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका त्याच्यावरच निघायच्या आणि शिपायाच्या बाह्या शाईनं काळ्या व्हायच्या. तरुण शिक्षकांसाठी थोडक्यात सांगतो. मेणाचा लेप दिलेला पातळ, तंतुमय कागद म्हणजे स्टेन्सिल. टाइपरायटरची फीत बाजूला करून त्यावर टाइप केलं किंवा टोकदार लेखणीनं लिहिलं, की तेवढ्या जागेवरचं मेण निघून जातं. मग रोलरनं शाई फिरवली की ती फक्त उघड्या पडलेल्या अक्षरांतून झिरपते आणि खालच्या कागदावर उमटते. एका स्टेन्सिलवर शेकडो प्रती निघतात. लंडनमध्ये डेव्हिड गेस्टेटनरनं १८८१ च्या सुमारास ही पद्धत बाजारात आणली ती कचेऱ्यांतल्या पत्रव्यवहारासाठी. टाइपाच्या पेट्या नकोत, कंपोझिटर नको. एका खोलीत मावणारं, टॅक्सीतून हलवता येणारं यंत्र. कचेऱ्यांसाठी बनलेल्या या यंत्रानं सरकारांची झोप उडवली ही गंमतच आहे.

गुजरातेतल्या दांडीला मीठ उचललं गेल्यानंतर तीन आठवड्यांनी, २७ एप्रिल १९३० ला, वृत्तपत्रांवर नवा वटहुकूम आला. 'यंग इंडिया' मग सायक्लोस्टाईल होऊन निघू लागलं. मुंबईत काँग्रेसची बुलेटिनंही अशीच निघत. १९४२ मध्ये हाच प्रकार शहराशहरांत झाला. बुलेटिन बाळगणं हाच गुन्हा. तरीही एक यंत्र पकडलं की दुसऱ्या माळ्यावर दुसरं चालू होई.

केंद्र पकडलं जातं

त्याच वर्षी मुंबईत दुसरा एक प्रयोग झाला, आणि तो शेजारी ठेवून पाहिला की जाळ्याचं शास्त्र चांगलं कळतं. २७ ऑगस्ट १९४२ ला काँग्रेस रेडिओचं प्रक्षेपण सुरू झालं. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या विद्यार्थिनी. विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी हे सहकारी. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांचं यंत्रसामग्रीसाठी साहाय्य. राममनोहर लोहियांचं मार्गदर्शन. लहरीची लांबी ४२.३४ मीटर. (विज्ञानाच्या तासाला: ३०० भागिले ४२.३४, म्हणजे सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झ.) चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, विदर्भातल्या आष्टी-चिमूरच्या बातम्या, असं जे छापायला बंदी होती ते या रेडिओवरून ऐकू येई.

रेडिओचा वेग बुलेटिनला कुठून येणार! एका क्षणात शेकडो मैल. पण त्याच्या ताकदीतच त्याची कमजोरी होती. प्रक्षेपण करणारा एकच, आणि तो स्वतःच सर्व दिशांना ओरडून आपला ठावठिकाणा सांगत असतो. वेटोळ्याच्या आकाराची एरियल फिरवली की एका विशिष्ट दिशेला आवाज क्षीण होतो, त्यावरून केंद्राची दिशा कळते. दोन ठिकाणांहून अशा दिशा मोजायच्या आणि नकाशावर दोन रेषा काढायच्या. त्या छेदतात तिथे केंद्र. भूमितीच्या पहिल्या धड्यातली गोष्ट. काँग्रेस रेडिओवाल्यांनी जागा पुनःपुन्हा बदलल्या. तरीही १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी छापा घातला. त्यांच्याच एका तंत्रज्ञानं माहिती फोडली होती. उषा मेहतांना चार वर्षांची, खाकरांना पाच वर्षांची शिक्षा झाली. अडीच महिन्यांचं आयुष्य संपलं आणि रेडिओ पुन्हा बोलला नाही. ज्यांनी तो चालवला त्यांच्या धैर्याबद्दल यात काही उणं नाही. रचनाच अशी होती, की एक दार फोडलं की सारं संपे.

स्वतंत्र भारतातही एकदा ही वेळ आली. जून १९७५ मध्ये आणीबाणी आणि तिच्याबरोबर सेन्सॉर. पुण्याच्या 'साधना'ला त्याची झळ लागली. मुंबईत ए. डी. गोरवाला यांचं 'ओपिनियन' हे छोटं साप्ताहिक छापखाना मिळेनासा झाल्यावर सायक्लोस्टाईलवर आलं. पस्तीस वर्षांपूर्वीचंच यंत्र, पस्तीस वर्षांपूर्वीचंच काम.

मागे जाणारी वाट

इथवर आपण बातमी केंद्रापासून वाचकापर्यंत कशी जाते ते पाहिलं. वाचकाकडची बातमी संपादकापर्यंत यायची असेल तर? संपादकाचं नाव-गावच माहीत नसेल तर पत्र कुठे पाठवायचं? याचं उत्तर मॉस्कोत सापडलं. ३० एप्रिल १९६८ ला तिथे 'चालू घडामोडींची बखर' म्हणता येईल असं एक गुप्त वार्तापत्र सुरू झालं. पहिली संपादक कवयित्री नताल्या गोर्बानेव्स्काया. कोणाला अटक झाली, कोणाच्या घराची झडती झाली, कोणत्या खटल्यात काय घडलं, एवढंच, आणि तेही कोरड्या भाषेत. सायक्लोस्टाईलसुद्धा नाही, टाइपरायटर, अतिशय पातळ कागद आणि मध्ये कार्बन. एका वेळी पाच-सहा प्रती. शेवटची इतकी पुसट, की दिव्यासमोर धरून वाचावी लागे. ज्याला प्रत मिळाली त्यानं ती पुन्हा टाइप करायची.

आणि वाचकांना सूचना अशी: तुमच्याकडे माहिती असेल तर ज्यानं तुम्हाला हा अंक दिला त्याला सांगा. तो त्याला अंक देणाऱ्याला सांगेल. अशी ती मागे-मागे जात संपादकापर्यंत पोचेल. साखळीतल्या कोणालाही फक्त आपल्या अलीकडचा आणि पलीकडचा माणूस ठाऊक. पोलिसांनी एकाला पकडलं तरी त्याच्याकडून दोनच नावं निघणार. गोर्बानेव्स्कायाला १९६९ च्या डिसेंबरात अटक झाली. बखर त्यानंतरही बारा-तेरा वर्षं निघत राहिली. संपादक बदलत गेले.

कपाटाचा पत्ता की पुस्तकाची खूण

आता संगणकाकडे येऊ. आपण एखादं संकेतस्थळ उघडतो तेव्हा आपला संगणक एका ठराविक पत्त्यावरच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे मागणी करतो. हजारो वाचक, एक सर्व्हर. म्हणजे पुन्हा छापखानाच. सरकारनं टेलिफोन कंपन्यांना तो पत्ता अडवायला सांगितलं की वाचकांसमोर कोरं पान. १९९९ मध्ये आलेल्या नॅप्स्टरवर लोक एकमेकांकडून गाणी घेत, पण कोणाकडे काय आहे याची यादी मात्र एका ठिकाणी असे. न्यायालयाच्या आदेशानंतर २००१ मध्ये ती यादी बंद झाली आणि नॅप्स्टर कोसळलं. तिथे प्रश्न गाण्यांच्या मालकीचा होता, सेन्सॉरचा नव्हे. पण धडा काँग्रेस रेडिओचाच.

त्यानंतरच्या जाळ्यांनी ती खुंटी काढून टाकली. २००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी बिटटॉरेंट आणलं. त्यात मोठ्या मजकुराचे तुकडे केले जातात, आणि ज्याच्याकडे जो तुकडा आला तो तो इतरांना देऊ लागतो. कोणाकडे काय आहे याची यादीही पुढे सदस्यांतच विभागली गेली. २०१५ मध्ये आलेल्या आयपीएफएसनं पत्त्याची कल्पनाच बदलली. वाचनालयात आपण "तिसऱ्या कपाटातलं दुसऱ्या खणातलं पुस्तक द्या" असं म्हणालो, तर ते कपाट जाळलं की पुस्तक गेलं. पण पुस्तकाची खूण सांगून "हे ज्याच्याकडे असेल त्यानं द्यावं" असं म्हटलं, तर गावातल्या कोणाच्याही घरून ते मिळेल. तुर्कस्तानात एप्रिल २०१७ पासून जानेवारी २०२० पर्यंत विकिपीडिया अडवलेला होता, तेव्हा तुर्की विकिपीडियाची एक प्रत अशीच आयपीएफएसवर ठेवली गेली. हाँगकाँगच्या 'ॲपल डेली' दैनिकाची खाती गोठवली गेली आणि २४ जून २०२१ ला शेवटचा अंक निघाला, दहा लाख प्रतींचा. संकेतस्थळ मिटण्याआधी लोकांनी त्यावरचे लेख उतरवून आर्वीव्ह या विखुरलेल्या साठ्यात ठेवायला सुरुवात केली. कॅनडातल्या ईक्वालिटी या संस्थेच्या सेनो ब्राउझरमध्ये तर प्रत्येक वाचक आपोआप वाटणाराही होतो: एकानं उघडलेलं पान त्याच्या यंत्रात राहतं आणि ज्याला ते अडवलेलं आहे अशा दुसऱ्याला मिळतं. बीबीसी आणि डॉइच वेले या मोठ्या प्रसारकांनी २०१९ मध्ये टॉर या जाळ्याची वाट धरली. ते अगदी बरोबरीच्यांचं जाळं नव्हे, पण त्यातही मागणी स्वयंसेवकांच्या संगणकांमधून उड्या मारत जाते आणि कोण काय वाचतो ते कळणं कठीण होतं.

इंटरनेटच तोडलं तर मात्र यातलं बरंचसं थंड पडतं. मग फोनवरून जवळच्या फोनवर ब्लूटूथनं निरोप नेणारी जाळी वापरली जातात. हाँगकाँगमध्ये २०१४ ला फायरचॅट, २०१९ ला ब्रिजफाय. ब्रिजफायचे निरोप तिऱ्हाइताला वाचता येतात असं २०२० मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. बुलेटिन बाळगणाऱ्याची जोखीम आजही संपलेली नाही.

पंधरा ऑगस्ट

नक्कल म्हटली की चूक आलीच. वर उल्लेख केलेल्या वर्गात आम्ही पालघरच्या गोळीबाराचं दहा ओळींचं बुलेटिन तयार केलं. पाच रांगा, प्रत्येक रांगेत सहा मुलं. पहिल्यानं मूळ पाहून उतरवायचं, दुसऱ्यानं पहिल्याची वही पाहून, असं शेवटपर्यंत. सहाव्या वहीत काय आलं? एका रांगेत 'सालवड'चं 'सावलड' झालं. आणि दोन रांगांत १४ ऑगस्टचा १५ ऑगस्ट! हात सवयीनं तिकडे जातो. चुकीच्या तारखेत काही खटकत नाही, म्हणून पुढच्यालाही ती दिसत नाही.

यावर उपाय काय? आकड्यांची बेरीज सोबत लिहा, असं एका मुलानं सुचवलं. १४-८-४२ मधल्या आकड्यांची बेरीज १९. १५ केलं की २० होते, चूक पकडली जाते. पण कोणी आकडे उलटसुलट केले आणि १८-४-४२ लिहिलं तर? बेरीज पुन्हा १९. मग प्रत्येक आकड्याला त्याच्या जागेच्या क्रमांकानं गुणून बेरीज करा. मूळ तारखेची येते ५९ आणि उलटवलेलीची ५५. २००७ पूर्वीच्या पुस्तकांवर जो दहा अंकी आयएसबीएन असे, त्यातला शेवटचा अंक अशाच हिशेबातून आलेला असतो. शाळेच्या वाचनालयातली पुस्तकं काढून मुलांना तपासायला लावा. बिटटॉरेंट आणि आयपीएफएस यांत हेच काम हॅश नावाचं गणित करतं. कितीही मोठा मजकूर घेतला तरी त्यातून ठराविक लांबीची एक खूण निघते, आणि मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी खूण ओळखू येणार नाही इतकी बदलते. वर 'पुस्तकाची खूण' म्हटलं ती हीच. त्यामुळे अनोळखी माणसाकडून आलेली प्रतही मुळाबरहुकूम आहे की नाही हे आपल्या घरी बसून तपासता येतं.

इथपर्यंत सारं छान. पण खूण फक्त एवढंच सांगते, की नक्कल मुळासारखी आहे. मूळच खोटं असेल तर?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात पुस्तकी राहिलेला नाही. एप्रिल २०२०, टाळेबंदीचे दिवस. मुलं पळवणारे आणि चोर फिरताहेत अशा अफवा या भागात व्हॉट्सॲपवरून हातोहात पसरत होत्या. १६ एप्रिलच्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे जमावानं दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशा तीन निरपराध माणसांना ठार केलं. त्या अफवांची प्रत्येक नक्कल अक्षरशः बिनचूक असेल. बोट दाबलं की मजकूर जसाच्या तसा पुढे जातो, सालवडचं सावलड होत नाही. गुणाकार तोच, जो आम्ही वर कौतुकानं मांडला. व्हॉट्सॲपची रचना केंद्राभोवती आहे हे खरं, पण माणसांमधली साखळी बरोबरीच्यांचीच होती. आजी, टेम्पोवाला, शेजारी.

त्या मजकुराखाली नाव नव्हतं. १९१९ च्या एक पैशाच्या पानावर ते होतं, पत्त्यासकट. नकला कोणीही कराव्यात, पण मूळ मजकुराची जबाबदारी माझी, असा तो व्यवहार होता. आजच्या जाळ्यांत याची जागा संगणकी सहीनं घेतली आहे: सही करण्याची किल्ली एकट्या संपादकाकडे, ती तपासण्याची किल्ली सगळ्यांकडे. त्यामुळे अंक कोणाच्याही हातून आला तरी तो कोणाचा हे कळतं. मॉस्कोच्या बखरीला नाव छापणं परवडणारं नव्हतं. तिनं दुसरी वाट काढली. मागच्या अंकात काही चुकीचं आलं असेल तर पुढच्या अंकात ती चूक दुरुस्त केली जाई, आणि चूक कळवण्यासाठी वाचकाला तीच मागे जाणारी साखळी होती.

वर्गात आम्ही दुसऱ्या फेरीला प्रत्येकाला बुलेटिनखाली आपलं नाव लिहायला सांगितलं. एका मुलानं लगेच हात वर केला. "सर, बेचाळीस साली असतं तर पोलिसांना सगळ्यांची नावं एकदम मिळाली असती." वर्गात वाद झाला. नावं नसतील तर तारीख कोणी बदलली ते कळणार कसं? शेवटी मुलांनीच ठरवलं, की कागदावर कोणाचंच नाव नको. प्रत्येकानं फक्त आपल्याला वही कोणी दिली ते लक्षात ठेवायचं. मग १५ ऑगस्ट आलेल्या एका रांगेत शोध घेतला. सहाव्यानं पाचव्याला विचारलं, त्याच्या वहीत १५. पाचव्यानं चौथीला विचारलं, तिच्याही वहीत १५. चौथीनं तिसऱ्याची वही मागितली. तिथे १४ होता. तिनं जीभ चावली, आपल्या वहीतला आकडा खोडला आणि पाचव्याच्या वहीकडे हात केला.